बांबूचं पातं

साल १६३०. एदो शहरातल्या ई घराण्याच्या वाड्यावर चिजिइवा मोतोमे नावाचा एक तरुण सामुराई येतो. ज्या सरदाराच्या पदरी तो वाढला ते घराणं बुडालंय, हाताला काम नाही, घरी बायको खोकून खोकून अर्धी झालेली आणि तान्हं मूल तापाने फणफणलेलं. मानाने पोट चिरून मरायला तुमच्या अंगणात जागा द्या, अशी विनंती तो करतो. असं म्हटलं की मोठी घराणी चार पैसे हातावर ठेवून माणसाला वाटेला लावतात, हे त्याच्या कानावर आलेलं असतं. पण ई घराण्याच्या कारभाऱ्यांना या प्रकाराला एकदाचा आळा घालायचा असतो. मोतोमेच्या तलवारी उघडून पाहिल्या जातात. पाती बांबूची आहेत. पोलादी पाती त्याने केव्हाच विकून खाल्लीत. एक-दोन दिवसांची मुदत द्या, परत येतो, असं तो गयावया करून सांगतो. ती मिळत नाही. त्याच बांबूने मर, असा हुकूम होतो. बांबू शिरत नाही, म्हणून तो मूठ जमिनीला टेकवतो आणि सगळं अंग पात्यावर टाकतो. एका घावात त्याची सुटका करायला मागे उभा असलेला तलवारबाज रीत पुरी झाल्याशिवाय हात उचलायला तयार नाही. शेवटी मोतोमे स्वतःची जीभ चावतो.

मासाकी कोबायाशी यांच्या १९६२ सालच्या ‘हाराकिरी’तला हा प्रसंग पाहणं सोपं नाही, आणि तो सोपा असूही नये. पण बांबूचं पातं या चित्रपटात पहिल्यांदा आलेलं नाही. सादाओ यामानाका यांच्या १९३७ सालच्या ‘ह्युमॅनिटी अँड पेपर बलून्स’ची सुरुवातच एका म्हाताऱ्या सामुराईच्या आत्महत्येने होते. त्याने पोट चिरलेलं नाही, गळफास घेतलाय. कारण चिरायला पातंच उरलेलं नाही, म्यानात बांबू. आणि योजी यामादा यांच्या २००२ सालच्या ‘ट्वायलाइट सामुराई’चा नायक ऐन लढतीच्या तोंडावर प्रतिस्पर्ध्याला सांगून टाकतो, की माझी लांब तलवार नुसती दाखवायची आहे, आत बांबू आहे. तीन दिग्दर्शक, पासष्ट वर्षांचं अंतर, आणि म्यानात तेच. सामुराईपट म्हटलं की आपल्याला खणखणाट आठवतो. या परंपरेतले थोर चित्रपट मात्र तलवारीपेक्षा ती तलवार कोणाच्या भातावर पोसली गेली, याची चौकशी करतात.

ही भाताची गोष्ट अक्षरशः खरी आहे. तोकुगावा काळातल्या जपानमध्ये सामुराईचा दर्जा आणि उत्पन्न ‘कोकु’ या तांदळाच्या मापात मोजत. एक कोकु म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ, साधारण दीडशे किलो. सरदारांची दौलत कोकुंमध्ये, शिपायाचा पगारही कोकुंमध्ये. १६०० सालच्या सेकिगाहाराच्या लढाईनंतर आणि १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला पडल्यानंतर मोठी युद्धं थांबली. पुढची अडीचशे वर्षं लढवय्यांचा एक अख्खा वर्ग युद्धाविना जगला. शोगुनांनी, म्हणजे लष्करी राज्यकर्त्यांनी, कित्येक घराणी खालसा केली आणि त्यांच्या पदरचे लोक रस्त्यावर आले. हे रोनिन, म्हणजे धनी नसलेले सामुराई. दुसरं काही काम करावं तर जात जाते, न करावं तर पोट जातं. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागण्याची भाषा आहे. जपानी सामुराई खाल्ल्या भाताला जागे. मग भात बंद झाला तर इमान कोणाशी? आणि भात देणाराच अन्याय करत असेल तर? चांगल्या सामुराईपटांचं सगळं नाट्य या दोन प्रश्नांत आहे. जपानी रंगभूमीवर आणि कथांत धन्याचं देणं आणि मनाची ओढ यांचा झगडा शतकानुशतकं रंगवला गेला होता. चित्रपटांनी तो उचलला आणि त्यात पोटाची भर घातली.

चित्रपटांतली ही बंडखोरी दुसऱ्या महायुद्धानंतरच आली असं मानणं बरोबर नाही. १९२५ सालच्या मूकपट ‘ओरोची’चा नायक चांगला वागायला जातो आणि दरवेळी गुन्हेगार ठरतो, शेवटी दोरखंड घेऊन आलेल्या शिपायांच्या गराड्यात एकटा लढत राहतो. यामानाकांचा चित्रपट आणखी पुढचा. त्यात तलवारबाजी जवळजवळ नाहीच. एदोमधली एक चाळवजा वस्ती, पाऊस, दारू, गप्पा, आणि उन्नो माताजुरो नावाचा एक बेकार सामुराई. वडिलांनी ज्याला कधी काळी मदत केली त्या बड्या अधिकाऱ्याच्या मागे तो चिठ्ठी घेऊन फिरतो आणि रोज हाकलला जातो. त्याची बायको कागदी फुगे करून घर चालवते. नवऱ्याचं खोटं तिच्यापुढे उघडं पडतं आणि तीच शेवट करते, त्याचा आणि स्वतःचा. हा चित्रपट झाला आणि यामानाकांना लष्कराचं बोलावणं आलं. पुढच्याच वर्षी ते चीनमध्ये आजारपणात गेले, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. त्यांचे फक्त तीन चित्रपट आज उरले आहेत, आणि जपानी सिनेमाचं यापेक्षा मोठं नुकसान मला तरी माहीत नाही.

दुसऱ्या बाजूला इमानाचं गुणगान करणारी धारही होती आणि ती जास्त रुंद होती. तिचा मूळ झरा सत्तेचाळीस रोनिनांच्या कथेत. १७०१ मध्ये आको संस्थानच्या आसानो या सरदाराला शोगुनाच्या वाड्यात शस्त्र उपसल्याबद्दल सेप्पुकुची, म्हणजे पोट चिरून मरण्याची, शिक्षा झाली. त्याच्या माणसांनी दीड-दोन वर्षं दबा धरून ज्याच्यामुळे हे घडलं त्या किराचा सूड घेतला आणि मग स्वतःही शिक्षा म्हणून पोटं चिरली. या कथेवर नाटकं आणि चित्रपट किती झाले याला सुमार नाही. युद्धाच्या धामधुमीत, १९४१-४२ मध्ये, केंजी मिझोगुची यांनी ती दोन भागांत केली. सरकारला लोकांच्या मनात त्याग आणि निष्ठा ठसवायची होती. मिझोगुचींनी काय केलं, तर ज्या हल्ल्यासाठी प्रेक्षक थिएटरात येतो तो हल्लाच दाखवला नाही. तो एका पत्रातून वाचून कळतो. चित्रपट संथ आहे, आणि निष्ठेवर तो शंका घेत नाही. पण रक्ताचा उत्सवही त्याने केला नाही, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

युद्ध हरल्यावर अमेरिकन ताब्याच्या काळात सूड आणि सरंजामी निष्ठा या विषयांवर बंधनं आली. अकिरा कुरोसावांनी १९४५ मध्ये केलेला ‘द मेन हू ट्रेड ऑन द टायगर्स टेल’ १९५२ पर्यंत अडकून पडला. ताबा उठला आणि दोनच वर्षांत ‘सेव्हन सामुराई’ आला. तीन तास सत्तावीस मिनिटांच्या या चित्रपटावर एवढं लिहिलं गेलंय, की त्यातली लढाई बाजूला ठेवून भाताचा वाडगा तेवढा पाहू या. दरोडेखोरांनी नाडलेले शेतकरी सामुराई शोधायला गावात आलेत. मोबदला देण्यासारखं त्यांच्याकडे फक्त जेवण आहे. काम्बेई, म्हणजे ताकाशी शिमुरा, नकार देतो. सात माणसं लागतील, एवढी कुठून आणायची? तेव्हा त्याच धर्मशाळेत पडलेला एक दारुडा हमाल भाताचा वाडगा उचलून त्याच्यापुढे धरतो आणि ओरडतो, की हा पांढरा भात तुमच्यासाठी आहे, आणि हे येडे स्वतः काय खातात, तर वरी-नाचणीसारखं भरड. काम्बेई तो वाडगा हातात घेतो. हा भात मी वाया जाऊ देणार नाही, एवढंच तो म्हणतो. सरदार नाही, शपथ नाही, वंशपरंपरेची चाकरी नाही. समोरच्या माणसाने स्वतः न खाता दिलेला भात आहे. निष्ठा वरच्या माणसाकडे जायची ती इथे पहिल्यांदा खालच्या माणसाकडे वळते.

आणि कुरोसावा तो खालचा माणूस देव करून दाखवत नाहीत, हे त्यांचं मोठेपण. गावात लपवलेली चिलखतं सापडतात. ती पळून जाणाऱ्या, जखमी सामुराईंना मारून मिळवलेली आहेत. सामुराईंचे चेहरे काळवंडतात. तेव्हा मिफुने या नटाने साकारलेला किकुचियो, जो मुळात शेतकऱ्याचं पोर आहे, उसळतो. होय, शेतकरी कंजूष असतो, लबाड असतो, खोटारडा असतो, खुनी असतो. पण त्याला असं केलं कोणी? गावं जाळणारे, पोरीबाळी ओढून नेणारे तुम्हीच, असं तो त्यांच्या तोंडावर सांगतो. मिफुनेचा तो थयथयाट आणि त्यानंतर काम्बेईच्या डोळ्यांत उभं राहिलेलं पाणी या दोन मिनिटांत वर्गाचा सगळा इतिहास येतो. त्याच काम्बेईला पुढे कठोरही व्हावं लागतं. ओढ्यापलीकडची तीन घरं वाचवता येणार नाहीत म्हटल्यावर त्या घरांतले पुरुष भाले टाकून निघतात, तेव्हा तो तलवार उपसून त्यांना रांगेत परत हाकतो. सगळ्यांना वाचवायचं तर काहींची घरं जाऊ द्यायची, हा त्याचा न्याय. तो बरोबर आहे, आणि ज्यांची घरं गेली त्यांच्या बाजूने पाहिलं तर क्रूरही आहे. पकडलेल्या दरोडेखोराला मारू नका असं सामुराई सांगतात आणि एक थकलेली म्हातारी, जिचं सगळं घर संपलंय, कुदळ घेऊन पुढे येते. तिला कोण अडवणार?

‘शोले’वर या चित्रपटाचं ऋण आहे हे आता सगळेच मानतात. पण रामगढचे गावकरी निष्पाप आहेत आणि ठाकूर पैसे मोजतो. कुरोसावांच्या गावातला परस्परांविषयीचा संशय तिकडे आला नाही. शेवटी गाव जिंकतं आणि काम्बेई म्हणतो, आपण पुन्हा हरलो. भातलावणी सुरू झालेली आहे, गाणी चालू आहेत, टेकडीवर चार थडगी आहेत. एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते: ते चारही जण गोळीने मेलेत. दरोडेखोरांकडे तीन बंदुका होत्या. तलवारीने एकही सामुराई पडत नाही. ही बंदूक पुढे या चित्रप्रकारात पुन्हा पुन्हा भेटते.

कुरोसावांचे ‘योजिम्बो’ (१९६१) आणि ‘सांजुरो’ (१९६२) जास्त लोकप्रिय झाले आणि जगभर त्यांच्या नकला निघाल्या. दोन्ही कमालीचे करमणूक करतात. पण ‘सांजुरो’मध्ये एक वयस्कर सरदारीण नायकाला हळूच ऐकवते, की तू उपसलेल्या तलवारीसारखा आहेस आणि खरी चांगली तलवार म्यानात राहते. शेवटच्या द्वंद्वात एकाच घावात रक्ताचं कारंजं उडतं, आणि भोवतीची तरुण मंडळी वाहवा करू लागतात, तेव्हा सांजुरो त्यांच्यावर संतापतो. मेलेला माणूस हुबेहूब माझ्यासारखा होता, असं सांगतो आणि निघून जातो. टाळी वाजवणाऱ्या प्रेक्षकालाच दम भरणारा हा शेवट आहे. मात्र कुरोसावांच्या नायकांना एक मोकळीक आहे: त्यांना धनी नाही. चांगलं वागायचं ठरवलं की ते वागू शकतात.

कोबायाशींनी ही मोकळीक काढून घेतली. म्हणून नैतिकतेच्या बाबतीत मला ते कुरोसावांपेक्षा खोल वाटतात. त्यांना १९४० च्या दशकात सैन्यात जावं लागलं, मांचुरियात राहावं लागलं; बढती मिळत असताना त्यांनी ती नाकारली आणि साधा शिपाईच राहिले. हुकूम म्हणजे काय, हे त्यांनी अंगावर सोसलेलं होतं. ‘द ह्युमन कंडिशन’ हा नऊ तासांहून मोठा त्रिखंड युद्धपट करून ते ‘हाराकिरी’कडे आले. शिनोबु हाशिमोतो यांची पटकथा, तोरु ताकेमित्सु यांचं संगीत आणि तेव्हा तिशीतही न पोचलेल्या तात्सुया नाकादाईने साकारलेला प्रौढ त्सुगुमो हानशिरो. मोतोमे त्याचा जावई. तोही त्याच अंगणात येऊन बसतो, मरायला जागा मागतो आणि मरण्याआधी आपली गोष्ट सांगू लागतो. त्याला मदतनीस म्हणून हवे असलेले तिघे त्या दिवशी नेमके आजारी आहेत. गोष्ट संपता संपता तो तिघांच्याही कापलेल्या शेंड्या वाळूवर टाकतो. सामुराईची शेंडी जाणं म्हणजे अब्रू जाणं. मोतोमेला जो नियम बांबूने पाळायला लावला तोच या तिघांना लागू होतो, आणि ते तोंड लपवून घरी बसलेत. एकाने पोट चिरलेलं असतं. उरलेल्या दोघांनाही कारभारी तसाच हुकूम सोडतो. मग लढाई होते. हानशिरो घराण्याच्या पूर्वजाचं पूजेत ठेवलेलं चिलखत उचलतो आणि आदळतो. आत कोणी नाही, पोकळ आहे. त्याला संपवायला बंदुकाच आणाव्या लागतात. नंतर वाळू सारखी होते, रक्त धुतलं जातं, चिलखत जोडून पुन्हा मांडलं जातं, आणि रोजनाम्यात घराण्याच्या मेलेल्या माणसांच्या नावापुढे आजारपणाची नोंद होते. १९६३ मध्ये कान महोत्सवात या चित्रपटाला परीक्षकांचा खास पुरस्कार मिळाला. घराण्याची लाज कागदावर कशी राखली जाते, हे यापेक्षा स्वच्छ मी कुठे पाहिलेलं नाही.

१९६७ सालच्या ‘सामुराई रिबेलियन’मध्ये कोबायाशी हाच प्रश्न घरात आणतात. १७२५ सालचं आइझु संस्थान. सासाहारा इसाबुरो हा नावाजलेला तलवारबाज, पण बायकोपुढे मान खाली घालून जगणारा. संस्थानाधिपतीची मर्जी उतरलेली रखेल, इची, हिच्याशी इसाबुरोच्या मुलाने लग्न करावं असा वरून हुकूम येतो. घर नाराज होतं, पण हुकूम तो हुकूम. मग त्या दोघांचं खरोखर जमतं, मुलगी होते. तेवढ्यात राजाचा वारस मरतो. इचीच्या पोटी झालेला मुलगा गादीचा हक्कदार ठरतो आणि तिला परत पाठवा असा दुसरा हुकूम येतो. इसाबुरो नाही म्हणतो. मिफुने तोवर आक्रमक भूमिकांसाठी ओळखला जायचा. इथे तो पहिला तासभर वाकलेला आहे. स्वतःच्या लग्नात कधी न मिळालेलं सुख सुनेच्या आणि मुलाच्या डोळ्यांत पाहून एक म्हातारा होत चाललेला माणूस ताठ होतो, ही या चित्रपटातली खरी घटना. घरातल्या चटया उचलून टाकतात, कारण रक्तावरून पाय घसरेल. ही तयारी पाहताना अंगावर काटा येतो. वेशीवर त्याचा जिवलग मित्र पहारेकरी आहे आणि त्याच्याशीही लढावं लागतं. तो पडतो तो पुन्हा लपलेल्या बंदूकवाल्यांच्या हातून.

याच काळात तादाशी इमाई यांनी ‘बुशिदो’ (१९६३) केला. बर्लिनला त्याला सुवर्ण अस्वल विभागून मिळालं. किन्नोसुके नाकामुरा एकाच घराण्याच्या सात पिढ्या साकारतो. प्रत्येक पिढी कोणत्या ना कोणत्या धन्यापायी बायको, मुलं, इज्जत, प्राण गमावते, आणि सातवा पुरुष आजच्या काळातला कंपनीतला नोकर आहे, जो साहेबासाठी होणाऱ्या बायकोला दुसऱ्या कंपनीची गुपितं चोरायला लावतो. चित्रपट थोडा शाळामास्तरी आहे, पण त्याचं बोट बरोबर जागी पडलं होतं. किहाची ओकामोतोंच्या ‘सोर्ड ऑफ डूम’मध्ये (१९६६) नाकादाई कारणाशिवाय मारणारा माणूस होतो, हेतू आणि मूल्य दोन्ही काढून घेतल्यावर कसबाचं काय उरतं, ते तिथे दिसतं. हिदेओ गोशांचा ‘हितोकिरी’ (१९६९) एका अडाणी मारेकऱ्याचा त्याचा पुढारी कुत्र्यासारखा वापर कसा करतो, ते सांगतो. त्यात लेखक युकिओ मिशिमा एका सामुराईची भूमिका करतात आणि पडद्यावर सेप्पुकु करतात. पुढच्याच वर्षी, २५ नोव्हेंबर १९७० ला, टोकियोतल्या लष्करी कचेरीत त्यांनी ते प्रत्यक्षात केलं. या चित्रपटांनी मानाने मरण्याच्या ज्या मोहाविरुद्ध एवढं रान उठवलं, तो किती जिवंत होता, याचा यापेक्षा वेगळा पुरावा नको.

आंधळा मालीशवाला झातोइची आणि बाबागाडी ढकलणारा ‘लोन वुल्फ’ यांच्या मालिकांनी साठ-सत्तरच्या दशकांत गर्दी खेचली. पहिल्या ‘झातोइची’तली (१९६२) क्षयाने खंगलेल्या सामुराईशी त्याची मैत्री आवर्जून पाहावी अशी आहे, पुढे साचा झाला. मग स्टुडिओच बसू लागले, दाएई १९७१ मध्ये बुडाली, आणि सामुराई दूरचित्रवाणीवर गेला.

या सगळ्या परंपरेत एक मोठं भगदाड आहे: बायका. बहुतेक चित्रपटांत त्या मरतात किंवा वाट पाहतात, आणि पुरुषाला सूड घ्यायला कारण पुरवतात. अपवाद आहेत ते मात्र जबरदस्त. ‘सामुराई रिबेलियन’मधली इची, जिच्यावर दोनदा हुकूम लादला जातो आणि जी शेवटी भाल्यावर स्वतःला झोकून तिसरा हुकूम होऊच देत नाही. मिझोगुचींच्या ‘उगेत्सु’मधली (१९५३) ओहामा, नवरा सामुराई व्हायच्या वेडाने पळतो आणि चिलखत घालून मिरवत येतो तेव्हा ती वेश्यागृहात सापडते. आणि कुरोसावांच्या ‘रान’मधली (१९८५) काएदे. तिच्या माहेरच्यांना कापून सासरा हिदेतोरा त्यांच्या किल्ल्यावर बसलाय. ती त्याचं सगळं घराणं आतून पेटवते. मिएको हारादाने ती शांतपणे, रेशमाच्या सळसळीसारखी उभी केली आहे. तिला खलनायिका म्हणणं सोपं आहे, पण तिचा हिशेब हानशिरोच्या हिशेबापेक्षा कुठे वेगळा आहे, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

यामादांच्या ‘ट्वायलाइट सामुराई’त हे भगदाड थोडं बुजतं. पन्नास कोकुंवरचा सेइबेई कोठारात हिशेब लिहितो, संध्याकाळी मित्रांबरोबर प्यायला न जाता घरी पळतो, कारण दोन मुली आणि विसराळू झालेली आई वाट पाहतायत. बायकोच्या अंत्यविधीसाठी त्याने तलवार विकली. संस्थान त्याला एका बंडखोराला मारायला पाठवतं आणि तो जातो. इसाबुरोसारखा नकारावर ठाम राहत नाही. याबद्दल मी या चित्रपटावर रुसलेलो आहे. ज्याला मारायचं तो माणूसही बायको आणि मुलगी गमावलेला, आपल्याइतकाच गरीब आहे, हे दोघं शेजारी बसून बोलतात आणि तरी तलवारी निघतात. पण ही सगळी गोष्ट सांगतेय सेइबेईची धाकटी मुलगी, म्हातारपणी. पोथी शिकून काय उपयोग, शिवण शिकलं तर किमोनो तरी होईल, असं थोरलीने विचारल्यावर बापाने उत्तर दिलं होतं: शिकलीस तर विचार करता येईल. पुढे युद्धात सेइबेईला गोळी लागली. तो कमनशिबी होता असं लोक म्हणाले. धाकटीला ते पटलेलं नाही, आणि आपला बाप कसा जगला याचा निकाल तिने संस्थानावर सोडलेला नाही.